१२३४५६७८९८७६५४३२१ : ही संख्या डोंबिवलीची आहे का?

मासुंदाकाठ
नमस्कार मंडळी. भाची सातवीत आहे, आमच्याच नौपाड्यात राहते. शाळेच्या गणित प्रदर्शनासाठी प्रत्येकाने एक मोठी संख्या निवडायची आणि तिच्याबद्दल जमेल तेवढं लिहून आणायचं असं ठरलंय. हिने वर शीर्षकात दिलेली सतरा अंकी संख्या निवडली. का, तर "मामा, ही पाठ करावी लागत नाही."

नऊ वेळा एक लिहून त्याचा वर्ग केला की ही संख्या येते, हे तिला मैत्रिणीकडून कळलं होतं. मी ऐटीत लॅपटॉप उघडला, स्प्रेडशीटमध्ये १११११११११ चा वर्ग करायला लावला. उत्तर आलं १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे दोन अंक गायब, त्यांच्या जागी शून्यं. भाची माझ्याकडे बघतेय, मी स्प्रेडशीटकडे.

तर प्रश्न असे: खरं उत्तर कोणतं? आणि या संख्येबद्दल आणखी काय लिहिता येईल? शेजारचे एक आजोबा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "ही संख्या डोंबिवलीची आहे." ते थट्टा करत होते की खरं सांगत होते, काही कळलं नाही.

घणसोलीकर
स्प्रेडशीटला दोष देऊ नका, तिची कुवतच तेवढी. ती पंधरा सार्थ अंक ठेवते, पुढच्या जागांवर शून्य भरते. तुमची संख्या सतरा अंकी, म्हणून शेवटचे दोन गेले.

ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टला हाच गुणाकार विचारलात तर तिसरंच उत्तर मिळेल: १२३४५६७८९८७६५४३२०. तिथे संख्या ६४ बिटांत साठवतात, त्यातले ५३ बिट प्रत्यक्ष अंकांसाठी. २ चा ५३ वा घात म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२. इथपर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या नेमकी मावते. त्याच्या पुढे, दुपटीपर्यंत, फक्त सम संख्या मावतात. तुमची संख्या नेमकी त्या पट्ट्यात आहे आणि विषम आहे, म्हणून ती शेजारच्या सम संख्येवर जाऊन बसते. पायथनमध्ये करा, तिथे पूर्ण संख्येला अशी मर्यादा नाही. शेवटी २१ येतील.

निवृत्तबाई
पायथन, जावा काही नको हो. सातवीच्या मुलीला कागद-पेन्सिल पुरते.

पहिली गोष्ट. एकक स्थानी १ असलेल्या संख्येचा वर्ग १ वरच संपणार. म्हणजे ३०० वर संपणारं आणि ३२० वर संपणारं, दोन्ही उत्तरं न मोजताच बाद. दुसरी गोष्ट, नऊची कसोटी. नऊ एकांची बेरीज ९, म्हणून १११११११११ ला ९ ने नि:शेष भाग जातो आणि वर्गाला ८१ ने. वर्गाच्या अंकांची बेरीज किमान ९ च्या पटीत तरी यायलाच हवी. स्प्रेडशीटच्या उत्तराची बेरीज ७८, जावावाल्याची ८०. खऱ्या संख्येची ८१.

आता ती अशी दिसते का, ते बघू. लहान उदाहरण घ्या, ११११ गुणिले ११११. आडवी मांडणी करा:

चार ओळी लिहा. प्रत्येक ओळ चारच एकांची, फक्त एक घर डावीकडे सरकलेली:
०००११११
००११११०
०११११००
११११०००

उभी बेरीज करा. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच १, पुढच्यात दोन, मग तीन, मधल्यात चार, मग पुन्हा तीन, दोन, एक. उत्तर १२३४३२१. नऊ एकांच्या गुणाकारात मधल्या रकान्यात नऊ १ येतात, बेरीज ९, एका अंकात मावते. कुठेही हातचा घ्यावा लागत नाही. सगळी गंमत त्या न घेतलेल्या हातच्यात आहे. भाचीला सांगा, हा तक्ता चौकटीच्या वहीत नऊ ओळींचा काढ आणि प्रदर्शनात लाव.

पारसिक_बोगदा
बाई, म्हणजे दहीहंडीच. नऊ थरांपर्यंत मनोरा सरळ उभा, दहावा लावला की खालचे हलायला लागतात. आणि नऊ थर म्हटलं की ठाण्याशिवाय कोण!

चरईकर
बोगदा, हसून हसून पुरेवाट. पण प्रश्न बरोबर आहे, दहा एक घेतले तर काय होतं?

घणसोलीकर
१२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्यात १० झाले, ० लिहून हातचा १. डावीकडच्या रकान्यात ९ होते, त्यात हातचा मिळून पुन्हा १०, पुन्हा ० आणि हातचा १. त्याच्या डावीकडच्या ८ चे ९ झाले आणि तिथे थांबलं. म्हणून डाव्या बाजूला ८ नाहीच, सातानंतर थेट नऊ.

अंकांची बेरीज बघा. हातचा नसता तर १० चा वर्ग म्हणजे १०० आली असती. प्रत्यक्षात येते ८२. प्रत्येक हातच्यात दहा जाऊन एक येतो, म्हणजे ९ कमी होतात. दोन हातचे, अठरा कमी.

डोंबिवली_जलद
धाग्याचं शीर्षक वाचून गाडीतूनच लॉगिन केलं. ते आजोबा थट्टा करत नव्हते!

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक शोधणारे. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं. जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत याच कुळाला वंडरफुल डेम्लो नंबर्स असं नाव आहे. डेम्लो हे तेव्हाच्या जी.आय.पी., म्हणजे आताच्या मध्य रेल्वेवरचं, मुंबईपासून तीस मैलांवरचं स्टेशन. तिथे त्यांना या संख्यांचा अभ्यास करायची कल्पना सुचली. तीस मैल म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटर. सीएसएमटीपासून मोजा, कुठे उतरता ते सांगा.

आमच्या फलाटावर गर्दीत धड श्वास सुचत नाही, आणि त्या माणसाला तिथे संख्या सुचल्या.

चरईकर
डोंबिवलीकरांनी लगेच कॉलर ताठ करू नये. कापरेकरांचं माध्यमिक शिक्षण ठाण्यात झालं. गणिती कोड्यांचा नाद शाळकरी वयातलाच. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा, आणि डहाणू तर २०१४ मध्ये पालघर वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. तेव्हा माणूस आमचा, स्टेशन तुमचं.

डोंबिवली_जलद
स्टेशनही ठाणे जिल्ह्यातच आहे हो, भांडता कशाला. पुढे ते पुण्याला फर्ग्युसनमध्ये गेले, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत मास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. बाहेरच्या जगाला नीट ओळख झाली ती गणितावर सदर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनरने मार्च १९७५ च्या सायंटिफिक अमेरिकनमध्ये लिहिलं तेव्हा. तोवर मास्तर सत्तरीचे झाले होते.

अपूर्णांक
नेरुळहून. बीएस्सी गणित करतोय, त्यामुळे थोडं शुष्क लिहितो, सांभाळून घ्या.

मूळ अवयव: १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. यातली ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. पडताळा सोपा: ३३३६६७ ला ३३३ ने गुणा, नऊ एक येतात. म्हणजे आपली संख्या = ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग. विभाजक किती? प्रत्येक घातात एक मिळवून गुणायचं: ५ × ३ × ३ = ४५. विषम येणारच, कारण पूर्ण वर्गाच्या विभाजकांच्या जोड्या लावताना वर्गमूळ एकटं उरतं. भाचीला ४५ विभाजकांचा तक्ता करायला हरकत नाही, पण मधला १११११११११ ठळक करायला सांगा.

आता कापरेकरांचीच दुसरी कल्पना. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला नि:शेष भाग जातो तिला त्यांनी हर्षद संख्या म्हटलं. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. आणि १११११११११ भागिले ९ म्हणजे १२३४५६७९, तीच आठ नसलेली प्रसिद्ध संख्या. म्हणून भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग, १५२४१५७८९९७१०४१. म्हणजे आपली संख्या हर्षद आहे.

पण कुळातल्या सगळ्या नाहीत, हे मला जास्त आवडलं. नऊही तपासल्या. n एकांच्या वर्गाच्या अंकांची बेरीज n चा वर्ग असते. दोन, चार, सहा, आठ एक घेतले तर बेरीज सम आणि संख्या विषम, भाग जायचा प्रश्नच नाही. पाच घेतले तर २५ ने भाग जायला हवा, पण संख्या १ वर संपते. सात एकांना ७ ने भागलं की बाकी १ उरते, कारण १११११११ मधून ११११११० बाजूला काढा, तिला ७ ने भाग जातो. उरल्या तीनच: १, १२३२१ आणि आपली. १२३२१ ला ९ ने भागलं की १३६९, म्हणजे ३७ चा वर्ग.

खारेगाव_नाका
वाचायला मजा येतेय, पण खरं सांगा, याचा उपयोग काय? बोर्डाच्या परीक्षेत येतं का?

निवृत्तबाई
बोर्डात येत नाही. तुमच्या पाकिटात मात्र आहे. आधार क्रमांकाचा बारावा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो, व्हरहॉफ नावाच्या डच गणितज्ञाच्या पद्धतीने. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की यंत्राला कळतं. अंकांशी खेळणाऱ्यांनीच या वाटा शोधल्या. आणि वर नऊच्या कसोटीने मी दोन यंत्रांची उत्तरं परत पाठवली, तो उपयोग दिसला नाही वाटतं?

खारेगाव_नाका
दंडवत बाई.

पोथीवाला
या संख्येच्या धाकट्या बहिणीचा उल्लेख अकराशे वर्षांहून जुना आहे.

महावीराचार्यांचा गणितसारसंग्रह, नवव्या शतकातला. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातला हा जैन गणिती. त्यात १२३४५६५४३२१ ही संख्या शब्दांत सांगितली आहे: एकापासून सुरू होऊन सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी. अंक लिहायचेच नाहीत, आकार सांगायचा. तुमच्या भाचीने "पाठ करावी लागत नाही" म्हटलं ना, ग्रंथकारालाही तेच सोयीचं वाटलं असणार.

ती येते गुणाकाराच्या उदाहरणांत, २७९९४६८१ गुणिले ४४१ असं करून. पहिल्या नजरेला हे दोन आकडे कुठून आणले ते समजत नाही. ४४१ हा २१ चा वर्ग, २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग, आणि २१ × ५२९१ = ११११११. त्याने सहा एकांचा वर्ग दोन तुकड्यांत लपवून विद्यार्थ्यापुढे ठेवलाय. विद्यार्थी मान मोडून गुणाकार करणार आणि शेवटी ही चढती-उतरती माळ हातात येणार. मास्तरकी म्हणतात ती ही. १९१२ मध्ये मद्रासहून रंगाचार्यांनी या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद छापला, त्यामुळे बाहेरच्यांनाही तो वाचता आला.

अवांतर: त्याच काळात आपल्या उत्तर कोकणावर शिलाहार राज्य करत होते, राष्ट्रकूटांचे मांडलिक म्हणून. कान्हेरीच्या लेण्यांत अमोघवर्षाचं नाव असलेले त्यांचे लेख आहेत. पुढे ठाणे, म्हणजे स्थानक, त्यांची राजधानी झाली. महावीराचार्य इथे आले होते असं मी म्हणत नाही, उगाच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका.

मासुंदाकाठ
पोथीवाले काका, ही संख्या मराठीत वाचायची कशी, तेही सांगा. प्रदर्शनात बाई नक्की विचारणार. भाची "एकशे तेवीस कोटी..." पर्यंत जाते आणि अडते.

पोथीवाला
ती बरोबर चालली आहे, तिने थांबू नये. कोटींचे कोटी करून वाचलं तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. श्वास राखून ठेवायला सांगा.

पण भास्कराचार्यांच्या लीलावतीतली स्थानांची नावं घेतली तर ऐकायला बहार येते. प्रत्येक घराला वेगळं नाव, आणि आपल्या संख्येत प्रत्येक घरात एकच अंक:

एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक.

ही यादी परार्धापर्यंत जाते, ते अठरावं घर. म्हणजे आपली संख्या परार्धाच्या एक घर अलीकडे थांबते.

पारसिक_बोगदा
हे मी कळवा ते मुंब्रा म्हणत गेलो. शेजारचे काका उठून उभे राहिले, त्यांना वाटलं मंत्रपुष्पांजली.

वाशी_सेक्टर_सतरा
कापरेकरांचा विषय निघालाच आहे तर आमच्या वाशीचं पण घ्या. आमचा पिनकोड ४००७०३. शेवटचे तीन अंक ७०३. त्याचा वर्ग ४९४२०९. मधोमध तोडा: ४९४ आणि २०९. बेरीज ७०३! अशा संख्यांना कापरेकर संख्या म्हणतात. ठाण्याने माणूस घेतला, डोंबिवलीने स्टेशन, आम्ही पिनकोडवर समाधान मानतो. शिवाय ७०३ म्हणजे १९ × ३७. वर आलेला ३७ आमच्याकडेही आहे.

अपूर्णांक
वाशीकर, तुम्ही मस्करी केलीत पण त्यातून धाग्याची गाठ पक्की झाली.

आपल्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने गुणा. ८१ × १२३४५६७८९८७६५४३२१. उत्तर ९९९९९९९९८००००००००१. हा नऊ नवांच्या संख्येचा, ९९९९९९९९९ चा, वर्ग आहे, कारण ९ चा वर्ग गुणिले नऊ एकांचा वर्ग. आता तुमच्यासारखं मधोमध तोडा: ९९९९९९९९८ आणि ००००००००१. बेरीज ९९९९९९९९९. म्हणजे तीही कापरेकर संख्या. डेम्लो संख्या, हर्षद संख्या आणि कापरेकर संख्या, तिन्ही एका गुणाकारात भेटल्या.

मग राहवेना, म्हणून चौथी कल्पनाही लावून पाहिली. कापरेकरांनी सेल्फ नंबर नावाचा प्रकार काढला, त्यालाच देवळाली संख्या म्हणतात. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये ३ मिळवले की २४. म्हणजे २४ चा जनक २१. पण २० ला जनकच नाही, ती देवळाली संख्या. प्रश्न असा: आपली सतरा अंकी संख्या कुणापासून जन्मते की स्वयंभू आहे?

सतरा अंकांची बेरीज फार तर १५३. म्हणून जनक असलाच तर शेवटच्या १५३ संख्यांच्या आत असणार. शिवाय संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागल्यावर बाकी सारखीच उरते, आणि दोन्ही मिळून ९ च्या पटीत यायला हवं, म्हणजे बेरीज स्वतःच ९ च्या पटीत हवी. उरले सतरा उमेदवार. ते हाताने तपासले. सगळ्यांच्या अंकांची बेरीज ८१ किंवा ९० येते, आणि जुळतो तो एकच:

१२३४५६७८९८७६५४२४०. याच्या अंकांची बेरीज ८१. मिळवा, आपली संख्या हजर. म्हणजे ती स्वयंभू नाही, जनक आहे आणि एकच आहे.

मासुंदाकाठ
भाचीने "एकच पालक" असं लिहून ठेवलंय. तिला हे सगळ्यात आवडलं.

घणसोलीकर
एक गंमत माझ्याकडून. नऊपर्यंत चढून उतरलो तर संख्येचे ४५ विभाजक. आता अंक नाही, संख्या ओळीने लिहा आणि दहापर्यंत चढा: एक, दोन, ... नऊ, दहा, नऊ, ... एक. होते १२३४५६७८९१०९८७६५४३२१, वीस अंकी. ही मूळ संख्या आहे! एक आणि स्वतः सोडून कुणाचाच भाग जात नाही. हा कशाचा वर्ग वगैरे नाही, नुसती ओळीने लिहिलेली. इतकी सहज लक्षात राहणारी वीस अंकी मूळ संख्या मला दुसरी माहीत नाही.

आणि नुसत्या एकांच्या संख्यांमध्ये मूळ कोणत्या, हेही बघितलं. ११ मूळ. त्यानंतर थेट एकोणीस एकांची, मग तेवीस एकांची, मग ३१७, मग १०३१. मधल्या सगळ्या फुटतात. नऊ तर फुटणारच, कारण तीन-तीनचे गट पाडले की १११ ने भाग जातो.

चरईकर
मला एक शंका आहे. नऊ एकांवर थांबणं हे आपल्या दहा बोटांमुळे ना? बारा बोटं असती तर?

अपूर्णांक
अगदी नेमकी शंका. बाराच्या पायावर मोजलं तर अकरा एकांपर्यंत हातचा येत नाही, माळ अकरापर्यंत चढते. संगणकवाल्यांच्या सोळाच्या पायात पंधरा एकांपर्यंत. पाया B असेल तर B पेक्षा एकने कमी इतके एक.

आणि प्रत्येक पायात ही सर्वांत लांब माळ आपापल्या पायात हर्षद असते! कारण B चा कोणताही घात B−१ ने भागला की बाकी १. तेव्हा B−१ एकांची संख्या म्हणजे तेवढ्या घातांची बेरीज, बाकी B−१, म्हणजेच शून्य. वर्गाला B−१ च्या वर्गाने भाग जातो, आणि अंकांची बेरीज तेवढीच असते. म्हणजे आपल्या संख्येचं हर्षदपण हा दहाचा योगायोग नाही. तिचं दिसणं मात्र दहाचंच. हीच संख्या बाराच्या पायात लिहिली तर तिच्यात काही चढउतार दिसणार नाही. ३७ आणि ३३३६६७ हे अवयव मात्र कुठल्याही पायात तेच राहतात.

निवृत्तबाई
अपूर्णांक, छान मांडलंस. नाव बदल आता.

सातवीच्या मुलीला पायथागोरस कळतो, म्हणून माझ्याकडून शेवटचं एक. अवयवांत ३७ आहे. १२, ३५, ३७ हे पायथागोरसचं त्रिकूट: १४४ + १२२५ = १३६९. नऊ एकांना ३७ ने भागलं की ३००३००३ येतात. त्रिकुटाला तेवढ्याने गुणा:

३६०३६०३६ चा वर्ग + १०५१०५१०५ चा वर्ग = १११११११११ चा वर्ग.

म्हणजे आपली संख्या दोन वर्गांची बेरीज आहे. काटकोन त्रिकोण काढायचा, कर्ण नऊ एकांचा. आणि ही बेरीज एकाच प्रकारे करता येते, कारण अवयवांपैकी ४ ने भागल्यावर १ बाकी ठेवणारा ३७ एकटाच. ३ आणि ३३३६६७ दोघांचीही बाकी ३. हे "का" तिला आत्ताच समजावू नका, बारावीनंतर बघेल. त्रिकोण मात्र काढू द्या.

मासुंदाकाठ
सगळ्यांचे आभार. चार्टपेपर आणायला गोखले रोडला जाऊन आलो. वरती त्रिकोण, खाली नऊ ओळींचा गुणाकार, कोपऱ्यात कापरेकर. लीलावतीची स्थानं ती तोंडपाठ म्हणणार आहे.

बाई, त्रिकोण काढताना ती म्हणाली, "मामा, यात ३६ आणि १०५ दिसतात." मग तिने नुसत्या १११ चा करून पाहिला. ३६ चा वर्ग १२९६, १०५ चा ११०२५. बेरीज १२३२१. नंतर सहा एकांचा: ३६०३६ आणि १०५१०५. तोही जुळला.

निवृत्तबाई
जुळणारच, तीन-तीन एकांचे गट वाढवत नेले की ३६ आणि १०५ चे गट तसेच वाढतात. तिला म्हणावं बारा एक घे. वर्गात हातचे येतील आणि चढउतार मोडेल, पण ३६०३६०३६०३६ आणि १०५१०५१०५१०५ यांच्या वर्गांची बेरीज तरीही बारा एकांच्या वर्गाएवढीच येईल. स्प्रेडशीटमध्ये नको, वहीत कर म्हणावं.